उशिरा ओळख पटलेला आजार

आतड्याचा क्षय म्हटलं की मराठी माणसाला थेऊर आठवतं. थोरले माधवराव पेशवे 18 नोव्हेंबर 1772 रोजी तिथे वारले, तेव्हा त्यांचं वय अवघं 27 होतं. राजयक्ष्म्याने त्यांच्या आतड्यांचा ताबा घेतला होता, असंच इतिहासकार सांगत आले आहेत. पोटात कळा, अंगात मुरलेला ताप आणि दिवसेंदिवस झिजणारं शरीर दिसलं की आपल्याकडे पुढची दोनशे वर्षं बोट क्षयाकडेच गेलं. त्याला कारणही होतं. क्षयाने या देशात जेवढी माणसं नेली, तेवढी फार थोड्या आजारांनी नेली असतील. पण या बलाढ्य आजाराच्या आडोशाला आणखी एक आजार राहून गेला. तो क्षयासारखा दिसतो, क्षयासारखाच झिजवतो आणि लहान मुलाला झाला तर त्याची वाढच रोखून धरतो.

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यासारख्या तालुक्यात मूल वाळायला लागलं की आधी कुपोषण, मग जंत, मग आव आणि शेवटी टीबी, असा विचार होतो. या चारही गोष्टी इथे खऱ्या आहेत, म्हणून हा क्रम चुकीचा म्हणता येत नाही. मात्र पाचवी शक्यता कुणाला सुचतच नाही. ती का सुचत नाही, हे समजून घ्यायचं तर या आजाराची ओळख जगाला कशी पटली आणि त्याआधी तो कुणाकुणाच्या नावावर खपला, ते क्रमाने पाहावं लागेल.

दाह म्हणजे नेमकं काय?

इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, म्हणजे आतड्याचा दाह, हे या आजाराचं वैद्यकातलं नाव. दवाखान्यात सगळे आयबीडी म्हणतात. त्याची मुख्य रूपं दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर सोलवटतं. हा दाह गुदाशयापासून सुरू होतो आणि मध्ये खंड न पडता वर सरकतो. शौचातून रक्त आणि आव पडते, दिवसातून अनेकदा धाव घ्यावी लागते. क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण लहान आतड्याचा शेवटचा भाग हे त्याचं आवडतं ठिकाण. तो ठिगळाठिगळाने येतो, आतड्याच्या भिंतीत पार आरपार शिरतो, आतडं अरुंद करतो, कधी भगंदर करतो. शरीराची संरक्षण यंत्रणा आतड्यातल्या नेहमीच्या जंतूंविरुद्ध अखंड लढाई उघडते आणि त्या लढाईत आतडंच जखमी होतं. जनुकं, आहार, आतड्यातली जंतुसृष्टी आणि भोवतालचं वातावरण या सगळ्यांचा त्यात हात आहे. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही आणि तो कुणाच्या चुकीमुळेही होत नाही.

रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाला हा आजार वयाच्या विशीच्या आत गाठतो. मोठ्या माणसाचं वजन उतरतं, ते उपचारांनंतर भरून येतं. मुलाचं तसं नसतं. दाहामुळे भूक मरते, खाल्लेलं नीट शोषलं जात नाही आणि दाहातून रक्तात उतरणारी रसायनं वाढीच्या संप्रेरकाचं कामच बोथट करतात. उंची वाढण्याची, वयात येण्याची वर्षं ठरलेली असतात. ती हातची गेली, तर पुढे कितीही चांगलं औषध दिलं तरी ती उंची परत मिळत नाही. म्हणून मुलांच्या बाबतीत निदानाला झालेला उशीर हीच सगळ्यात मोठी हानी.

रिचमंडचा खटला

या आजाराची पहिली ठळक नोंद एका खुनाच्या खटल्यात सापडते. लंडनजवळच्या रिचमंडमध्ये 3 मे 1859 रोजी इझाबेला बँक्स ही चाळिशी ओलांडलेली बाई मरण पावली. काही आठवडे तिला उलट्या आणि रक्ताचे जुलाब होत होते. डॉ. थॉमस स्मेदर्स्ट या गृहस्थाने पहिली बायको हयात असताना तिच्याशी लग्न लावलं होतं आणि ती पैशाने बरी होती. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विषप्रयोगाचा संशय आला आणि स्मेदर्स्ट पकडला गेला.

विषतज्ज्ञ म्हणून अल्फ्रेड स्वेन टेलर यांचा त्या काळी इंग्लंडमध्ये मोठा दबदबा होता. स्मेदर्स्टकडच्या एका बाटलीत सोमल सापडल्याचं त्यांनी सांगितलं. पुढे उलगडलं ते असं, की चाचणीसाठी वापरलेल्या तांब्याच्या जाळीतच सोमलाचा अंश होता. टेलर यांना ते कबूल करावं लागलं. तरीही ऑगस्टमध्ये ज्यूरीने स्मेदर्स्टला दोषी ठरवलं आणि त्याला फाशीची शिक्षा झाली. त्यावर डॉक्टरांत आणि वर्तमानपत्रांत एवढा गदारोळ उठला की सरकारने फेरविचार केला. खुनाच्या आरोपातून त्याची सुटका झाली आणि दोन लग्नांच्या गुन्ह्यासाठी तेवढा तुरुंगवास झाला.

या खटल्यासाठी लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले सॅम्युअल विल्क्स यांनी इझाबेलाचं आतडं तपासलं होतं. मोठ्या आतड्यावर आणि लहान आतड्याच्या टोकाला पसरलेले व्रण आणि दाह त्यांनी बारकाईने लिहून ठेवले. त्यांचं ते टिपण 1859 मध्येच छापून आलं आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या इतिहासात त्याला पहिलं मानाचं पान मिळालं. पुढच्या पिढ्यांतल्या अभ्यासकांनी तेच वर्णन पुन्हा वाचलं, तेव्हा अनेकांना ते क्रोन्सशी जास्त जुळणारं वाटलं. म्हणजे ज्या आजाराने बाई गेली, तो आजार विष समजला गेला आणि त्यापायी एक माणूस फासाच्या दोरापर्यंत जाऊन आला. पुढे या आजाराच्या वाट्याला जे जे गैरसमज आले, त्यांची ही सुरुवात होती.

जंतू न सापडलेला क्षय

रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. आता क्षय ओळखायला पुरावा मिळाला. पण त्याचबरोबर एक पेचही उभा राहिला. आतड्याच्या क्षयाचे म्हणून जे रुग्ण शस्त्रक्रियेला येत, त्यांतल्या काहींच्या आतड्यात कितीही शोधलं तरी जंतू सापडत नसत. ग्लासगोचे शल्यविशारद थॉमस केनेडी डॅलझिएल यांनी 1913 मध्ये अशा रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. गुरांना होणाऱ्या जोन्स डिसीजमध्ये आतडी जशी जाड आणि ताठर होतात तशीच ही दिसतात, पण त्या आजारातले जंतू इथे दिसत नाहीत, असं त्यांनी नोंदवलं. पुढच्या वर्षी महायुद्ध पेटलं आणि त्यांच्या लेखाकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

1932 मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई हॉस्पिटलमधल्या तीन डॉक्टरांनी 14 रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली. बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर हे ते तिघे. यांतल्या अनेक रुग्णांवर शस्त्रक्रिया केली होती ए. ए. बर्ग यांनी, पण लेखावर नाव घालायला ते तयार झाले नाहीत. उरलेल्या तिघांत आद्याक्षराच्या क्रमाने क्रोन यांचं नाव पहिलं आलं आणि आजाराला तेच चिकटलं. तिघांनी क्षयाच्या जंतूंचा कसून शोध घेतला होता; ते सापडले नाहीत, तेव्हाच त्यांनी हा वेगळा आजार असल्याचं ठामपणे मांडलं. हा मुख्यतः तरुणांचा आजार आहे, असंही त्यांनी लिहिलं. मुलांकडे वैद्यकाचं लक्ष मात्र त्यानंतरही सावकाशच वळलं.

मधल्या काळात अल्सरेटिव्ह कोलायटिसचा ठपका मनावर ठेवण्याचा एक प्रवाह जोरात होता. हळवा स्वभाव, आईचं अतिप्रेम किंवा दुरावा यांतून आतडं बिघडतं, असं 1930 ते 1950 या काळात अनेक डॉक्टर मानत. आजारी मुलाच्या आईला त्यातून काय ऐकून घ्यावं लागलं असेल, याची कल्पना करता येते.

औषध आलं, उंची खुंटली

उपयोगी पडणारं पहिलं औषध आलं स्वीडनमधून. स्टॉकहोममध्ये डॉ. नाना स्वार्ट्झ संधिवाताच्या उपचारासाठी सल्फा आणि सॅलिसिलिक वर्गातली दोन द्रव्यं जोडून नवं औषध तयार करवून घेत होत्या. तेच सल्फासॅलाझिन कोलायटिसच्या रुग्णांना लागू पडत असल्याचं त्यांच्या लक्षात आलं आणि 1942 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. या जोडगोळीतला कोणता भाग आतड्यात काम करतो, हे 1977 मध्ये ऑक्सफर्डमध्ये सिद्ध झालं. त्या संशोधनातलं आघाडीचं नाव होतं ढाक्याचे डॉ. ए. के. आझाद खान यांचं.

ऑक्सफर्डमधल्याच ट्रूलव्ह आणि विट्स यांनी 1955 मध्ये कोलायटिसवर कॉर्टिझोनची काटेकोर चाचणी पूर्ण केली. तोपर्यंत तीव्र कोलायटिस म्हणजे जिवावरचं दुखणं होतं. स्टेरॉइडने रक्त थांबलं, ताप उतरला, माणसं वाचली. पण मुलांना दीर्घकाळ स्टेरॉइड दिलं की चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात आणि वाढ आणखी मंदावते. आजाराने खुंटलेली उंची औषधानेही खुंटू लागली.

या कोंडीतून वाट निघाली अन्नातून. 1987 मध्ये लंडनच्या बालरोगतज्ज्ञांनी क्रोन्स असलेल्या मोजक्या मुलांवर एक चाचणी केली. काही मुलांना स्टेरॉइड दिलं, काहींना काही आठवडे नेहमीचं जेवण पूर्ण बंद करून फक्त पोषक द्रवाहारावर ठेवलं. दोन्हीकडे आजार आटोक्यात आला आणि द्रवाहारावरची मुलं उंचीनेही चांगली वाढली. आज मुलांच्या क्रोन्समध्ये सहा ते आठ आठवड्यांचा हा आहार पहिला उपचार मानला जातो. त्याने पोषण तर होतंच, शिवाय आतड्याचा दाहही शमतो.

त्याच सुमाराला, 1988 मध्ये, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी क्रोन्स असलेल्या मुलांच्या उंचीच्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या. बहुतेकांची उंची वाढण्याचा वेग निदान होण्याच्या आधीच मंदावला होता. अनेकांच्या बाबतीत तर पोटाची पहिली तक्रार सुरू होण्याआधीच. मुलाच्या पोटात काय चाललं आहे, ते पोट दुखण्याआधी भिंतीवरच्या उंचीच्या खुणांनी सांगितलं होतं. आपल्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा शोध हाच आहे.

भारतात आधी आव, मग टीबी

भारतात या आजाराला दोन दांडग्या आजारांच्या गर्दीतून वाट काढायची होती. पहिला आजार आव. कलकत्त्याच्या लेनर्ड रॉजर्स यांनी 1912 मध्ये अमीबाच्या आवेवर एमेटिनच्या इंजेक्शनचा उपाय रूढ केला. 1960 नंतरच्या दशकात मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आल्या आणि स्वस्तात खेडोपाडी पोचल्या. शौचातून रक्त पडलं की आव आणि आव म्हटली की ही गोळी, असं समीकरण बसलं. बहुतेक रुग्णांना गुणही आला, कारण बहुतेकांना खरोखरच संसर्गाची आव होती. कोलायटिसचा रुग्ण मात्र यात फसला. हा आजार काही आठवडे उसळतो आणि कधी कधी आपणहून शांत होतो. त्या शांततेचं श्रेय गोळीला मिळतं. पुन्हा उसळला की पुन्हा तीच गोळी. महिने जातात, रक्त कमी होत जातं, मूल शाळेत मागे पडतं. उष्ण कटिबंधात अल्सरेटिव्ह कोलायटिस जवळपास नसतोच, असा समज डॉक्टरांतही मुरलेला होता. दिल्लीच्या एच. के. चुटाणी आणि सहकाऱ्यांनी 1967 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आपल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध करून त्या समजाला धक्का दिला.

दुसरा आजार टीबी. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतले एच. डी. टंडन आणि प्रकाश यांनी 1972 मध्ये आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांच्यातला फरक पेशींच्या पातळीवर मांडला. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत पेशींच्या बारीक गाठी दिसतात. क्षयातल्या गाठी मोठ्या असतात, एकमेकींत मिसळतात आणि त्यांच्या मध्यभागी पेशी मरून दह्याच्या चोथ्यासारखा भुसभुशीत भाग तयार होतो. क्रोन्समधल्या गाठी लहान, विरळ, सुट्या असतात आणि मध्ये तसा मृत भाग नसतो. कागदावर हा फरक स्पष्ट आहे. प्रत्यक्षात एन्डोस्कोपीच्या दुर्बिणीतून आतड्याचा तांदळाएवढा तुकडा हाती येतो आणि त्यात गाठ सापडतेच असं नाही. जंतूही बऱ्याचदा सापडत नाहीत. आजचे अनुभवी तज्ज्ञसुद्धा या वळणावर अडखळतात.

त्या 1972 साली शहाद्यात काय चाललं होतं? महाराष्ट्रावर दुष्काळ होता. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. तापीकाठची काळीभोर जमीन पिकत होती, पण ती ज्यांच्या वाडवडिलांनी कसली ते भिल्ल तिच्यावर सालदार म्हणून राबत होते. भिल्लांचे पुढारी अंबरसिंग महाराज यांच्या मागे हे लोक उभे राहिले आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना आकाराला आली. गेलेल्या जमिनी परत हव्यात, मजुरी पोटापुरती हवी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. पुढे बायकांनी दारूविरुद्ध मोर्चे काढले. या लढ्याने महाराष्ट्राला एक गोष्ट पक्की शिकवली: आदिवासींच्या घरातलं मूल वाळतं ते भुकेने, आणि ती भूक माणसांनी लादलेली आहे. हे खरंच होतं, आजही खरं आहे. मेळघाटातल्या आणि सातपुड्यातल्या बालमृत्यूंच्या प्रश्नावर पुढे जी चळवळ झाली, न्यायालयांपर्यंत जे दाद मागणं झालं, ते याच जाणिवेवर उभं होतं.

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्यातून अंगणवाडी आली. टांगत्या काट्याला झोळी, झोळीत मूल, आणि सेविकेच्या हातात हिरवा, पिवळा, लाल पट्टा असलेला वाढीचा तक्ता, हे दृश्य हळूहळू पाड्यापाड्यावर दिसू लागलं. लाल पट्ट्यात गेलेल्या मुलाला जास्तीचा आहार आणि औषधपाणी मिळावं, हा त्यामागचा हेतू. त्याने असंख्य मुलं वाचवली. मात्र आहार देऊनही ज्या मुलाची रेघ वर चढत नाही, त्याच्या बाबतीत पुढचा प्रश्न विचारायची पद्धत तेवढी पक्की झाली नाही.

ॲम्स्टरडॅमची मुलगी आणि झोपलेला क्षय

1993 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या डॉक्टरांनी किशोरवयाच्या उंबरठ्यावरच्या एका मुलीची हकीगत प्रसिद्ध केली. तिचा क्रोन्स कुठल्याही औषधाला जुमानत नव्हता. दाह भडकवणाऱ्या टीएनएफ या रसायनाला अडवणारं एक प्रतिद्रव्य तिला शिरेतून देण्यात आलं. काही काळ का होईना, तिची प्रकृती झपाट्याने सुधारली. हे औषध म्हणजे इन्फ्लिक्सिमॅब. अमेरिकेत 1998 मध्ये त्याला प्रौढांच्या क्रोन्ससाठी मान्यता मिळाली आणि मुलांसाठी 2006 मध्ये. ज्या औषधाचा मार्ग एका मुलीच्या आजारपणाने मोकळा केला, ते मुलांपर्यंत अधिकृतपणे पोचायला आणखी आठ वर्षं लागली.

2001 मध्ये इशारा मिळाला. इन्फ्लिक्सिमॅब घेतल्यावर क्षय झालेल्या 70 रुग्णांची नोंद न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. टीएनएफ हेच रसायन शरीरात झोपलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवतं. ते अडवलं की जंतू मोकळे होतात. भारतासारख्या देशात, जिथे असे झोपलेले जंतू कोट्यवधी लोकांच्या शरीरात आहेत, तिथे याचा अर्थ गंभीर होता. टीबीच्या मुलाला क्रोन्स समजून स्टेरॉइड किंवा हे औषध दिलं, तर टीबी अंगभर पसरू शकतो. क्रोन्सच्या मुलाला टीबी समजून नऊ महिने गोळ्या दिल्या, तर तोवर आतडं आक्रसून जातं. पेशव्यांच्या काळापासून एकमेकांत मिसळलेले हे दोन आजार आता वेगळे ओळखणं हा जिवाचा प्रश्न झाला.

आशियातल्या तज्ज्ञांनी त्यावर व्यवहारी तोडगा काढला. पुरावा अर्धवट असेल आणि टीबी नाकारता येत नसेल, तर टीबीचं औषध सुरू करायचं, पण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीतून पाहायचं. व्रण भरले असतील तर टीबी. नसतील तर क्रोन्सचा विचार लगेच करायचा. या तोडग्याचं सगळं यश त्या दुसऱ्या तपासणीवर अवलंबून आहे. ती चुकली की मूल टीबीच्या औषधावरच राहतं.

औषधाच्या किमतीचा प्रश्नही होताच. डिसेंबर 2014 मध्ये अहमदाबादच्या झायडस कंपनीने ॲडॅलिमुमॅब या त्याच गटातल्या औषधाची जगातली पहिली समरूप आवृत्ती भारतात आणली. किंमत खाली आली, तरी शेतमजुराच्या घराला ती आजही जडच आहे.

हा आजार आपलाही आहे

आयबीडी हा गोऱ्यांचा, श्रीमंत देशांचा आजार, हा समज मोडायला आकडे लागले. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात पन्नास हजारांवर लोकांची पाहणी करून 2003 मध्ये दाखवलं, की तिथे लाखामागे सुमारे 44 जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मुलांच्या बाबतीत धक्का दिला तो कॅनडाने. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या 1985 ते 2005 या वीस वर्षांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं, की भारतीय उपखंडातून गेलेल्या कुटुंबांच्या मुलांमध्ये आयबीडीचं प्रमाण इतर मुलांच्या जवळपास तिप्पट आहे. आजी-आजोबांच्या गावात जो आजार फारसा कुणी ओळखत नव्हता, तो नातवंडांना होत होता. राहणी, आहार, लहानपणीचे संसर्ग आणि प्रतिजैविकांचा वापर बदलला की आपल्या मुलांतही हा आजार डोकं वर काढतो, असाच त्याचा अर्थ निघतो. आपल्या शहरांत आणि आता तालुक्यांच्या गावांतही राहणी झपाट्याने बदलते आहे.

भारतात मुलांच्या पोटविकारांची वेगळी शाखा याच काळात उभी राहिली. लखनौच्या संजय गांधी संस्थेत त्यासाठी स्वतंत्र विभाग झाला. मुंबईसारख्या शहरांत असे तज्ज्ञ तयार झाले. तान्ह्या बाळाच्या शौचातलं रक्त कधी गाईच्या दुधाच्या ॲलर्जीने असतं आणि सहा वर्षांच्या आतल्या मुलाचा आयबीडी कधी एखाद्याच जनुकाच्या दोषातून येतो, हे कळू लागलं. त्यांतला इंटरल्युकिन-10 शी संबंधित दोष 2009 मध्ये उघड झाला. कॅल्प्रोटेक्टिन या प्रथिनाची शौचातली चाचणी आली. तिने आतड्यात दाह आहे की नाही, याचा अंदाज दुर्बिणीआधीच येतो.

शहाद्याच्या वाटेवर

हे ज्ञान शहाद्यापर्यंत पोचतं कसं? नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेत त्याच्या लोकसंख्येत सुमारे 69 टक्के आदिवासी होते. शहाद्याला रेल्वे नाही. सारंगखेड्याचा पूल ओलांडून दोंडाईचा किंवा प्रकाशामार्गे नंदुरबार गाठायचं, तिथून ताप्ती मार्गावरची गाडी धरून सुरत, नाहीतर एसटीने धुळं, नाशिक, पुढे मुंबई, अशी अवघड दुखण्याची वाट आहे. 2020 मध्ये नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ही मोठीच गोष्ट. तरी लहान मुलाला भूल देऊन दुर्बिणीने तपासणं, तुकडा काढणं आणि तो जाणकार डोळ्यांनी वाचणं, या तिन्ही गोष्टी एका छताखाली मिळायला अजून मोठ्या शहराकडेच पाहावं लागतं.

इथे आणखी दोन गुंते आहेत. पहिला सिकलसेल. नंदुरबारच्या आदिवासी समाजांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि त्यानेही पोटात कळा येतात, रक्त कमी होतं, वाढ मंदावते. दुसरा स्थलांतराचा. दिवाळीनंतर सातपुड्यातली कुटुंबं कोयता घेऊन दक्षिण गुजरातच्या ऊसतोडीला जातात. मूल बरोबर जातं, वाढीचा तक्ता गावातच राहतो. ज्या आजाराचा पहिला पुरावा महिन्यामहिन्याच्या वजन-उंचीच्या नोंदीत असतो आणि ज्याचा उपचार वर्षानुवर्षं चालतो, त्याच्यासाठी ही खंडित नोंद फार महाग पडते. टीबीच्या औषधानंतरची ती निर्णायक दुसरी तपासणी अशा वेळी उसाच्या फडात हरवते.

तरीही पायाभरणी झालेली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी महाराष्ट्रातूनच, पालघरसारख्या आदिवासी भागातून, सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासतात. क्रोन्स आणि कोलायटिस बहुतेकदा शाळेच्या वयात सुरू होतात, तेव्हा ही शाळेतली तपासणी फार कामाची आहे. वजनाइतकीच उंची जपून मोजली, गेल्या वर्षीच्या आकड्याशी ती ताडून पाहिली, आणि दोन-तीन साधे प्रश्न विचारले, तरी पुष्कळ मुलं वेळेत सापडतील. शौचातून रक्त चार आठवड्यांहून जास्त पडतंय का? रात्री झोपेतून उठून जावं लागतं का? ताप, तोंडातले व्रण, सांधेदुखी, गुदद्वाराजवळ गळू आहे का? खायला मिळूनही मूल वाढत नाही का? यांतल्या एकाचंही उत्तर हो असेल, तर आवेच्या गोळ्यांचं पुढचं पाकीट न देता मुलाला तज्ज्ञाकडे पाठवायला हवं.

यातून भुकेचा प्रश्न लहान होत नाही. सातपुड्यातली बहुतेक वाळलेली मुलं आजही अपुऱ्या अन्नानेच वाळतात आणि त्यांना अन्नच हवं. पण दीडशे वर्षांचा हा इतिहास पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दाखवतो. इझाबेला बँक्सच्या बाबतीत विषावर, न्यूयॉर्कच्या तरुणांच्या बाबतीत क्षयावर, कोलायटिसच्या मुलांच्या बाबतीत मनावर आणि आईवर, आपल्याकडे आवेवर आणि टीबीवर, असा दोष प्रत्येक काळात त्या काळी सर्वांच्या तोंडी असलेल्या कारणाला दिला गेला. ते कारण पटण्यासारखं होतं, म्हणूनच पुढे कुणी शोधलं नाही. आदिवासी मुलाच्या वाट्याला आलेलं असं सर्वमान्य कारण म्हणजे कुपोषण. शहरातल्या मुलाची वाढ थांबली की डॉक्टर कारण शोधतात. पाड्यावरच्या मुलाची थांबली की कारण आधीच ठरलेलं असतं. जिल्ह्याच्या रुग्णालयात कॅल्प्रोटेक्टिनची चाचणी, मुलांसाठी दुर्बीण आणि टीबीच्या औषधानंतर ठरल्या दिवशी होणारी फेरतपासणी मिळायला हवी. ऊसतोडीला निघालेल्या मुलाची नोंद त्याच्या बरोबर जायला हवी. शहाद्याच्या लोकांनी एकेकाळी जमीन आणि मजुरी हक्क म्हणून मागितली आणि लढून मिळवली. आपल्या मुलाची वाढ नेमकी कशाने थांबली, याचं खरं उत्तर मिळणं हाही त्यांचा हक्कच आहे.